सहा कामट्या

आमच्या घरात सगळे बसून असत. बसण्यावरच घर चालायचं. बाबा अंगणात निंबाखाली, पायाच्या अंगठ्यात बांबूची चिरलेली कामटी धरून बसायचे. माय चुलीचं आटोपून त्यांच्यासमोर टोपलीचा तळ मांडून बसायची. दुपारी मोहल्ल्यातून चाललं तर दारोदारी अशीच बसलेली माणसं आणि ओला बांबू चिरताना होणारा तो चर्रर आवाज. आम्ही आर्णीचे बुरूड. सुपं, टोपल्या, परड्या, धान्याच्या ढोल्या, लग्नातल्या दुरड्या, कुणी गेलं तर तिरडीचे बांबूसुद्धा आमच्याच दारातून जायचे. या सगळ्या बसलेल्या गावात न बसणारी मी एकटी. दहा मिनिटं झाली की माझे पाय आपोआप उठायचे. मग पाण्याचं निमित्त, शेळीचं निमित्त, कुणी हाक मारल्याचं निमित्त. माय म्हणायची, "हिच्या पायाले देवानं भवरा लावला व माय." बाबा मी अर्ध्यावर टाकलेलं सूप उचलून भिंतीच्या खुंटीला अडकवायचे, आणि चार दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून ते पुरं व्हायचं. सुपाचं अंग विणणं मला जमायचं. काठ भरणं जमायचं नाही. काठ म्हणजे शेवटचं काम. जाड कामट्या सुपाच्या कडेला बसवून बारीक कामटीनं टाका टाका आवळत जायचं, जबड्यातले दात दुखेपर्यंत. तेवढा वेळ एका जागी राहणं म्हणजे मला शिक्षाच वाटे. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी एकाही सुपाचा काठ भरलेला नव्हता.

बारावी झाली होती. पुढे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते मला नको होतं. घरी मायनं कढीगोळे केले तरी दोन घास खाऊन मी दाराशी जाऊन उभी राहायची. बसस्टँड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नागपूर, माहूर, पुसद अशा पाट्या लावून गाड्या यायच्या आणि पाच मिनिटांत निघून जायच्या, आणि मी प्रत्येक गाडीत मनानं चढून प्रत्येक वेळी चरफडत खाली उतरायची. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा अंगात खरोखर खाज सुटल्यासारखं व्हायचं. आजही घरात बसून राहिले की तसंच होतं. डॉक्टर म्हणतात गुडघे जपा. मी म्हणते गुडघ्यांनाच सांगा.

स्टँडच्या समोर करीमचाचांचं दुकान होतं. सायकली, स्टोव्ह, कुलपं, फवारणीचे पंप असं सगळं दुरुस्त करायचे, आणि मागच्या खोलीत जुनं सामान विकायला ठेवायचे. बाबांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. माझी चुळबुळ पाहून एक दिवस तेच बाबांना म्हणाले, "पोरीले माह्याकडे पाठव. माह्या दुकानात बसावंच लागत नाही, जागाच नाही बसाले." बाबांनी मान हलवली. अशी मी चाचांच्या दुकानात लागले. पितळ घासायची, गिऱ्हाइकाला जुन्या घड्याळाची, समईची, ग्रामोफोनची किंमत सांगायची. माझी जीभ चालायची आणि डोळाही बरा होता. गिऱ्हाइकाच्या चपला पाहून मी आकडा वाढवायची, चाचा मागून डोळे वटारायचे.

एका उन्हाळ्यात चाचांनी बाभुळगावकडच्या एका बंद पडलेल्या बंगल्यातलं सामान उचललं. घरचा मालक मेला होता, मुलं परदेशी. खुर्च्या, आरसे, हरणाची शिंगं, आणि त्यात कापडी पिशव्यांमध्ये घातलेल्या पाच काठ्या. प्रत्येक काठीचे दोन नाहीतर तीन तुकडे, टोकाला पितळी टोप्या, एकात एक खोचले की आठ-नऊ फुटांची लवलवती काठी तयार. मुठीला बुचाचं लाकूड. चाचा म्हणाले, "झेंड्याच्या असतीन." मला वाटलं जाळी झाडायच्या. मी एक तुकडा हातात घेऊन पाहिला. बांबूच होता, पण गोल नव्हता, सहा कडांचा होता. सहा बारीक कामट्या एकमेकींना चिकटवून एक काठी केलेली. सांधा नखालाही लागत नव्हता. मी बुरडाची पोर, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. तरी त्या दिवशी घरी जाऊन बाबांना ते सांगावं असं मला सुचलं नाही. सुचलं असेल तरी सांगितलं नाही. घर म्हणजे जिथून निघायचं ती जागा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

नागपूरच्या एका जुन्या सामानवाल्यानं कुणाला तरी कळवलं, आणि महिन्याभरात मार्थाबाई आल्या. साठीच्या, उंच, हडकुळ्या, पांढरी सुती साडी आणि पायात मात्र पुरुषी बूट. निलगिरीच्या डोंगरात राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. बालपण नागपूरला रेल्वेच्या वसाहतीत गेलेलं, म्हणून मराठी यायची, पण नागपुरी हिंदीचा हात धरून. त्यांनी पिशव्यांच्या नाड्या सोडल्या, एकेक काठी जोडून मुठीपासून टोकापर्यंत हात फिरवला. मग म्हणाल्या, "ये मछली पकडने की है, बेटा. पिसांची खोटी माशी असते, तिची काठी."

चाचा हसले. "बाई, मासे धरायले इतका तामझाम? आमचे लोकं तं जाळं टाकते, मोकळे होते."

पण मला त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी ते आयुष्यभर विसरले नाही. पिसांच्या माशीला वजन नसतं. गळाला शिशाचा गोळा बांधला की तो आपल्या जोरावर लांब जातो, पण हे पिसाचं काही जाणार नाही. म्हणून इथे वजन दोरीला असतं. दोरी हवेत मागे फेकायची, पुढे फेकायची, आणि दोरीच माशीला घेऊन जाते. म्हणजे काठी किती वाकावी हे दोरीचं वजन ठरवणार. दोरी हलकी पडली तर काठीला ती आहे हेच कळत नाही, आणि जड झाली तर काठी मुठीपर्यंत गळून पडते. नव्या काठ्यांवर कुठली दोरी लावायची त्याचा आकडा लिहिलेला असतो. या जुन्यांवर काहीच नव्हतं. "प्रत्येकीला विचारावं लागतं," बाई म्हणाल्या.

विचारायचं कसं, तेही त्यांनी दाखवलं. त्यांच्याजवळ रेशमाच्या चार जुन्या दोऱ्या होत्या, चरबी चोळलेल्या, मधाच्या रंगाच्या. पहिल्या दहा वारांवर लाल धाग्याची खूण. तेवढाच भाग हवेत असतो, म्हणून तेवढ्याचंच वजन धरायचं. पण वजन करायला त्यांचा छोटा काटा प्रवासात मोडला होता. मी म्हटलं, चला. आणि त्यांना घेऊन बाजारातल्या सोनारकाकांकडे गेले. काकांनी गुंजांनी दोऱ्या तोलल्या. सोनाराच्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा; एक दोरी आठ मासे भरली, एक सव्वानऊ, एक साडेदहा, आणि सर्वांत जाड तोळ्याच्या वर तीन गुंजा. सोनारकाका म्हणाले, "चाळीस वर्सं झाली दुकानाले, सुतळी तोलाले कोनी नाही आलं." बाईंनी ते आकडे वहीत लिहून घेतले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझी मान ताठ झाली.

मग कापूस बाजाराचं मैदान. उन्हाळ्यात ते रिकामं असे, नुसती फोलपटं आणि कुत्री. सकाळी सहालाच आम्ही तिथे जायचो, बाई पुढे, काठ्यांची पिशवी घेऊन मी मागे. पाणी नाही, मासा नाही, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधलेला. हमाल बिड्या ओढत कट्ट्यावर बसून पाहत. "पोट्टी जमिनीतले मासे धरून राह्यली बे!" एकजण ओरडला, आणि ते वाक्य दोन दिवसांत आर्णीभर झालं. मला त्याची लाज वाटली नाही. मला राग यायचा तो माझ्याच हाताचा. दोरी मागे फेकली की ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं असतं. एक श्वास. तेवढंच. मला तेवढंही थांबता येईना. मी घाई करायची आणि दोरीचा चाबकासारखा फटका वाजायचा, लोकर तुटून जायची. बाई शांतपणे दुसरा तुकडा बांधायच्या. "थांब. ती मागे गेली आहे. तिला जाऊ दे. मग बोलाव." चौथ्या सकाळी एकदा, नकळत, मी थांबले. काठी मुठीच्या वर, मध्यावर वाकली, आणि ते वाकणं माझ्या कोपरापर्यंत आलं. दोरी पुढे गेली आणि मातीवर सरळ पडली. साडेदहा मासेवाली होती. "हीच तिची," बाई म्हणाल्या. मला रडू आलं. मी घाम पुसल्यासारखं करून ते पुसलं.

दुपारी दुकानात किमतीचे धडे चालत. इथे माझी सगळी दुकानदारी उलटी पडली. मी चकचकीत काठी उचलून मोठी किंमत सांगायची, बाई मान हलवायच्या. रोगण नवं म्हणजे कुणीतरी जुनं खरवडलं. मुठीच्या वर शाईनं कारागिराचं नाव असतं, ते पुसट का होईना शाबूत हवं. सगळे तुकडे एका लांबीचे हवेत. टोकाचा दोन बोटं आखूड असेल तर समजायचं मोडला होता, आणि मग निम्मी किंमतही नाही. जोड ओढून वेगळा करताना टप् असा आवाज आला पाहिजे. आणि शेवटी काठी कानाशी धरून थोडी वाकवायची आणि हळू फिरवायची. आत कुठे सांधा सुटला असेल तर ती कुरकुरते. रोज संध्याकाळी एक काठी पुढे करून त्या विचारायच्या, "बोल, काय किंमत?" आणि मी चुकायची, मग कमी चुकायची. एकदा त्यांनी विचारलं, "घरी काय करतात तुझ्या?" मी पटकन म्हटलं, "व्यापार." चाचा पंपाला वॉशर लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

पाचवी काठी सगळ्यांत जुनी. तीन तुकड्यांची, साडेनऊ फुटांची, नाव स्वच्छ वाचता येणारं, टोक पुऱ्या लांबीचं. तोळ्याची दोरी तिच्यावर अशी चालायची की हमालसुद्धा गप्प बसले. बाई म्हणाल्या, बाकीच्या चार एकीकडे आणि ही एकीकडे. एकच खोट होती. मधल्या तुकड्याला वाक होता. वर्षानुवर्षं भिंतीला टेकवून ठेवलेली, त्यामुळे भुवईसारखा बाक आलेला. "हे मी घरी गेल्यावर बघते," असं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. दोन दिवसांसाठी त्यांना नागपूरला जायचं होतं, काठ्यांसाठी लांब पेट्या करवून आणायला. जाता जाता बसच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "मला डोंगरात काठ्या दुरुस्तीच्या कामात हाताखाली कुणीतरी लागतं. खोली आहे, जेवण आहे, काम शिकवीन. तुझं काय ते परत आल्यावर सांगते."

परत आल्यावर सांगते! हे वाक्य ऐकून दोन दिवस शांत बसणारी माणसं जगात असतील. मी त्यातली नव्हते. दुकानात मी चहाचे दोन पेले फोडले. त्या सांगतील काय, आणि त्यांनी हो म्हणावं म्हणून मी करू काय, हेच चालू. आणि सकाळी मला ते सुचलं. बांबूचा वाक काढणं! त्यात काय मोठं? जन्मापासून पाहत आलेली. बांबू हौदात आडवा घालायचा, वर दगड ठेवायचा, वरून ओलं पोतं टाकायचं. दुपारपर्यंत तो मऊ होतो, मग आरावर शेकत शेकत गुडघ्यावर दाबायचा, सरळ. बाई येतील तेव्हा काठी सरळ केलेली, जोडून भिंतीला उभी. त्या म्हणतील, हे कुणी केलं?

बाबा त्या दिवशी मुकुटबनकडे बांबू आणायला गेलेले. ते असते तरी मी विचारलं नसतं, हेही खरंच आहे. चाचांची नजर चुकवून मी मधला तुकडा ओढणीत गुंडाळून घरी आणला आणि अंगणातल्या हौदात घातला. दगड ठेवला. मायनं लांबूनच पाहिलं, हौदात बांबू आहे एवढंच तिला दिसलं, तिनं पोतं टाकलं. मी दुकानात परत गेले आणि दुपारपर्यंत तीनदा रस्ता ओलांडून आले-गेले.

दुपारी पोतं काढलं तेव्हा पाणी गढूळ झालेलं होतं आणि त्याला सुताराच्या दुकानातल्यासारखा सरसाचा वास येत होता. दगड उचलला. खाली काठी नव्हती. सहा कामट्या होत्या, सुट्या सुट्या, तळाशी पसरलेल्या. त्यांना बांधणारे रेशमी धागे पाण्यावर तरंगत होते. मी हात घालून त्या एकत्र धरायला गेले, तर त्या बोटांतून निसटायच्या. काय करू, कुठे जाऊ! वाळल्या की पुन्हा चिकटवू, असं काहीतरी मनात आलं आणि मी त्या पत्र्यावर उन्हात टाकल्या. आर्णीचा मे महिन्याचा पत्रा तो. तासाभरात सहाही कामट्या तुरीच्या वाळल्या शेंगांसारख्या पिळवटून गेल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. सहा जणींची सहा तोंडं.

मी त्या फडक्यात बांधून चाचांच्या पुढ्यात ठेवल्या आणि खाली बसले. त्या दिवशी मी बसले. चाचांनी फडकं उघडलं, खूप वेळ पाहिलं. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, "किलोच्या भावानं आणलं होतं बेटी. लाकूड गेलं, काय झालं?" मग फडक्याची गाठ पुन्हा बांधत म्हणाले, "बाईले मी सांगतो. फवारणीचा पंप उलटला, पाणी गेलं, म्हातारा माणूस हाय. तू कायी बोलू नको. तुले जायाचं हाय." मी नाही म्हणायला हवं होतं. मी काहीच म्हटलं नाही. लिहिताना आजही कान गरम होतात, कारण मी मनात हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्थाबाई पेट्या घेऊन उतरल्या. चाचांनी आपली कहाणी सांगितली, हात जोडले. बाईंनी कामट्या उचलून एकेक बोटावरून फिरवल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या ओरडल्या नाहीत. "पंपाच्या पाण्यानं एवढं?" एवढंच म्हणाल्या. मी पितळेचा तांब्या घासत होते, घासतच राहिले. तेवढ्यात स्टँडवर मुकुटबनकडून आलेला ट्रक थांबला आणि बाबा उतरले. अंगाला धूळ, खांद्यावर कोयता. चाचांकडे पाणी प्यायला आले, नेहमीसारखे. बाईंच्या हातातल्या कामट्या त्यांनी पाहिल्या आणि तांब्या तोंडाला लावायचा विसरले.

"पाहू द्या बाई," असं म्हणून एक हातात घेतली. उलटी केली, नखानं दाबली, वास घेतला. मग साध्या आवाजात, कुणावर आळ घ्यायचा नाही अशा आवाजात म्हणाले, "हे भिजवलं कोनं?"

चाचा म्हणाले, "पंप उलटला यार."

"नाही ना बावा. आडवं घालून भिजवलं. दगड ठेवला होता वरून, हा पाहा वण. अन मंग उन्हात टाकलं." बाबा कामटीवरून बोट फिरवत होते. "हे बुरडाच्या घरचं काम हाय. दुसऱ्या कोनाले पान्यात घालाचं सुचनार नाही. पन अर्धवट बुरडाचं. ओला बांबू भिजवते, जुना नाही भिजवत. जुना बांबू पानी विसरला असते, त्याले पुन्हा पाजलं का तो येडा होते. अन हा तं चिकटवलेला..." बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कळलं. त्यांनी वाक्य सोडून दिलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाई वळल्या. "तुम्ही कोण?"

"हिचा बाप. बुरूड."

मी तांब्या खाली ठेवला. "म्या भिजवलं," मी म्हटलं. घरची भाषाच बाहेर आली. "चाचा माह्यासाठी खोटं बोलले. तुमी मले संगं नेसान म्हणून म्या केलं. अन व्यापार-फ्यापार कायी नाही, आमी सुपं करतो." आणि मग सगळ्यांसमोर, स्टँडवरच्या गर्दीसमोर, मी हुंदके देऊन रडले.

बाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी ती गोष्ट केली जी मी अजून पुरती समजले नाही. त्यांनी स्टूल सरकवून बाबांना दिलं, स्वतः खोक्यावर बसल्या, आणि विचारलं, "हा बांबू कुठला, सांगता येईल?" बाबांनी कामटी डोळ्याशी धरली. "आपल्याकडला नाही. पेरं लांब हाय, वरचा थर पाहा, लोखंडावानी दाट. वाऱ्यात वाढला असन, थंडीत. अन अवसेकडच्या अंधाऱ्या पाखात तोडला, कीड नाही लागली इतक्या वर्सांत." मग सहाही शेजारी ठेवून म्हणाले, "अन कारागीर पाहा बाई. एकाही कामटीचं पेर दुसरीच्या पेराजोळ येऊ नाही दिलं. कमजोर जागा एका ठिकानी नाही. आमी ढोलीत तसंच करतो." बाई ऐकत होत्या. वीस वर्षं काठ्या दुरुस्त करूनही वास घेऊन बांबू ओळखता येतो हे त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळ झाली तरी दोघांचं चालूच होतं. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

निघताना बाईंनी त्या सहा कामट्या माझ्यापुढे धरल्या. "बोल. काय किंमत?"

"कायीच नाही," मी म्हटलं.

"बरोबर. पहिल्यांदा बरोबर बोललीस." फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "मला रागही आहे, दुःखही आहे. अशी काठी मला पुन्हा मिळायची नाही. दिवाळीपर्यंत या तुझ्या बाबांपाशी बस. बसता आलं तर. मग मी पत्र टाकीन." राहिलेल्या चार काठ्या आणि पाचवीचे उरलेले दोन तुकडे घेऊन, चाचांनी मागितले त्यापेक्षा जास्त पैसे देऊन त्या गेल्या.

मी बसले. म्हणजे, प्रयत्न केला. सहा महिने बाबांनी मला बांबू शिकवला, आणि शिकवताना ते मला कधी एवढं बोलले नव्हते तेवढं बोलले. कुठला बांबू गातो, कुठला नुसता वाजतो. सुरी कुठे थांबवायची. मी शिकत होते, पण कान स्टँडकडे. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की हातातलं खाली. दिवाळीनंतर आठ दिवसांनी कार्ड आलं. मी एक सूप विणत होते, अंग पुरं झालेलं, फक्त काठ राहिलेला. बाबा म्हणाले, "काठ भरून जा." मी म्हटलं, "आल्यावर भरीन." सूप खुंटीला अडकवलं आणि सकाळच्या गाडीनं निघाले. खिडकीतून पाहिलं तर बाबा स्टँडवर उभे होते. त्यांना उभं पाहायची सवय नव्हती, म्हणून आधी ओळखलंच नाही.

डोंगरातली ती वर्षं, तिथली थंडी, बाईंचा सरसाचा डबा आणि त्यांच्या शिव्या यांवर वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच, की वर्षभरानं मी सुट्टीवर आले ती एकच गोष्ट मनात घेऊन. पिळवटलेली कामटी कोरड्या आचेवर सरळ करता येते हे मी शिकले होते. सहाही पुन्हा जोडता येतात हेही. मला ती काठी परत उभी करायची होती, बाईंना न्यायची होती. घरात पाऊल टाकल्या टाकल्या, पाणीही न पिता, मी मायला विचारलं, "ते फडकं कुठी हाय? कामट्या?"

माय अंगणात तूर पाखडत होती. ती थांबली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा निंबाखाली होते तसेच. त्यांनी हनुवटीनं मायच्या हाताकडे खूण केली.

मायच्या हातात माझं सूप होतं. मी खुंटीला टाकून गेले होते ते. त्याचा काठ भरलेला होता, आणि तो काठ आमच्या हिरव्या-पिवळ्या बांबूचा नव्हता. मधाच्या रंगाचा होता, गडद, आतून उजेड असल्यासारखा. सहा कामट्या, सरळ केलेल्या, एकीचं पेर दुसरीच्या पेराजवळ येऊ न देता बसवलेल्या, आणि टाका टाका बारीक कामटीनं आवळलेल्या. त्या सरळ कशा केल्या हे मी विचारलं नाही. माझ्या बापाला ते कोरड्या आचेचं माझ्या आधी ठाऊक होतं, मी कधी विचारलं असतं तर.

मला राग आला, हे कबूल करते. एवढी मौल्यवान वस्तू आणि तुम्ही तिचं सूप केलं, असं काहीतरी मी बोललेही. बाबांनी ऐकून घेतलं. मग कामटीवरची नजर न काढता म्हणाले, "मंदे, तुह्या हातची दोन अधुरी कामं होती घरात. जाता-येता दिसत होती. म्या एकात एक घातली."

मी त्यांच्यासमोर बसले. किती वेळ ते आठवत नाही. माय पुन्हा पाखडायला लागली, आणि तूर काठावर आपटून परतताना आमच्या बाकीच्या सुपांत कधी येत नाही असा, खणखणीत आवाज येत राहिला.

आता बाबा नाहीत, माय नाही, बाई नाहीत, चाचांच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मी यवतमाळला असते. लोक फोनवर जुन्या काठ्यांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, मॅडम, किंमत सांगा. मी सांगते, फोटोवरून नाही, काठी पाठवा, तिला विचारावं लागतं. सुपाचं अंग उंदरांनी, वाळवीनं दोनदा खाल्लं, दोन्ही वेळा मी नवं विणलं. काठाला मात्र अजून हात लावावा लागलेला नाही. काल दुपारी त्याच सुपात तांदूळ घेऊन बसले होते. मध्येच कुरिअरवाल्यानं बेल वाजवली, पाय सवयीनं उठले, आणि मी त्याला आतूनच ओरडून सांगितलं, थांब बाबा, एवढं होऊ दे.